मार्तंडशेठचं दुकान कोणी वाढवलं?

"दिवस मावळायच्या आत जो माझं दुकान वाढवून दाखवील, तो माझ्या विक्रीचा कारभारी!" बांगड्यांचे व्यापारी मार्तंडशेठ भर पेठेत ओट्यावर उभे राहून गरजले. "मात्र वर पैसा मिळणार नाही, नवा माल मिळणार नाही आणि भिंतीची वीट हलवायची नाही!"

आता हे व्हायचं कसं? डावीकडे तेल्याची भिंत, उजवीकडे देवळाची, मागे ओढा. दुकान वाढणार कुठं, आभाळात? पण शेठना सांगणार कोण! एकदा तोंडातून शब्द गेला की गेला. पागोटं एवढं मोठं, की खाली डोकं असेलच असं लोक धरून चालत.

उमेदवार आले, भिंती बघून परत गेले. राहिला एक रंगराव. कानात अत्तराचा फाया, मिशीला तूप, आणि जीभ अशी की बैल दमतील पण ती दमायची नाही.

"शेठजी, दुकान विटांनी नाही, जिभेनं वाढतं!" तो म्हणाला. "आणि ह्या बांगड्या भरणाऱ्या बाया कशाला पोसता? एकेकीचा हात धरून बसतात, माहेरची खुशाली विचारतात. नुसता वेळ खातात! मी एकटा सगळ्यांचं काम करीन."

शेठ खूश! मोठा आवाज ऐकला की त्यांना मोठी अक्कल दिसायची. "दाखव करून! जमलं, तर ह्या बाया उद्यापासून घरी!"

गिरजा त्या बायांतलीच. एका म्हातारीच्या मनगटावर बांगडी सरकवता सरकवता तिचा हात थांबला. घरची चूल ह्या ओट्याच्या जिवावर पेटत होती. शेजारी बयजा तर डोळ्याला पदरच लावून बसली.

"रडू नको गं," गिरजा हळूच म्हणाली. "पोपटाला आधी बोलू तर दे."

तेवढ्यात देसाईणबाई आल्या. सुनेचं डोहाळजेवण होतं, हिरवा चुडा भरायचा होता. बरोबर आळीतल्या बायकांचा घोळका. रंगराव पुढं झेपावला, सुनेचा हात बघितला आणि पेठभर ऐकू जाईल असं ओरडला, "अहो बाई, ह्या काय बांगड्या! फोडून टाका! आमच्या घ्या, आमच्या फुटायच्या नाहीत!"

सातव्या महिन्यातल्या सुनेला 'फोडून टाका'! सुनेनं हात पदराआड ओढला. देसाईणबाईंचा चेहरा लालबुंद झाला.

"मेल्या, तुझ्या जिभेला काही लगाम? सवाष्णीला असं बोलतात होय? चला गं!"

एकूण एक बाई ओट्यावरून उतरली. म्हातारीसुद्धा अर्धा हात भरलेला तसाच घेऊन गेली.

रंगरावानं खांदे उडवले. "बायका फार हळव्या, शेठजी! पुढचं गिऱ्हाईक येऊ द्या."

आणि शेठ? शेठनी मान डोलावली! धन्य ते पागोटं!

गिरजा उठली. "शेठ, मी वाढवते दुकान."

"तू?" रंगराव खो खो हसला. "तुला बोलता तरी येतं का?"

"तुम्ही बोलून बघितलंत की. आता मी गप्प राहून बघते."

शेठ म्हणाले, "गिरजे, नाही जमलं तर सगळ्यांच्या आधी तू घरी!"

"कबूल. आणि जमलं तर कारभारी मी. सगळ्यांदेखत शब्द द्या."

"दिला!"

गिरजानं चुड्यांच्या पेट्या आत ठेवल्या. गादी झटकून गुंडाळली. शेठना हाताला धरून ओट्याखाली उतरवलं, बयजाला घेऊन दाराच्या फळ्या लावल्या, कुलूप घातलं आणि किल्ली शेठच्या हातावर ठेवली.

"घ्या शेठ. दुकान वाढवलं!"

"अगं भवाने, हे तर बंद केलंस!"

"शुभ बोला हो!" गिरजानं कानांवर हात ठेवले. "दुकान कधी कुणी बंद करतं का? रोज संध्याकाळी घरी सांगता ना, 'दुकान वाढवून आलो'? मग मी काय वेगळं केलं? पैसा लागला नाही, माल लागला नाही, वीट हलली नाही!"

सगळी पेठ खदखदून हसली. रंगराव तणतणला, "हा शब्दाचा खेळ आहे! ह्यात विक्री कुठं आली?"

"रंगराव, इथं लोक आधी शब्द घेतात, मग माल. नारळ आपण वाढवतो, बांगडीसुद्धा वाढते. एवढं ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हातात कोण बाई हात देईल? आणि शेठ, तुम्हाला चार विकणाऱ्यांना चालवणारा हवा होता. तुम्ही आणलात चौघींना हाकलून एकटाच ओरडणारा!"

देवळाच्या पायरीवरून देसाईणबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "गिरजे, उघड ते दार! चुडा इथंच भरायचा!"

फळ्या निघाल्या. घोळका परत ओट्यावर चढला. पण गिरजा स्वतः बसली नाही. "बयजा, सूनबाईंपाशी तू बस, तुझा हात हलका. म्हातारीला मी बोलावून आणते, अर्ध्या हातानं घरी गेली बिचारी."

शेठ आधी गोरेमोरे झाले, मग गालात हसले, मग असे हसले की पागोटं गळ्यात आलं. "गिरजे, आजपासून कारभारी तू! पण ह्या रंगरावाचं काय करू?"

"ठेवा की रात्री दारापुढं. तोंड उघडलं की चोरसुद्धा पळतील!"

रंगरावानं अत्तराच्या फायासकट काढता पाय घेतला.

"आणि तुला काय देऊ? माग!"

"आम्हा सगळ्यांचा पगार वाढवा," गिरजा म्हणाली. "पण शेठ, दुकानासारखा नको हं!"