रऊफच्या कपाटातला कागद

“पण नवं ड्रॉइंग मी दिलं होतं की नाही, अण्णा? एवढंच सांगा.”

अण्णांनी शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफल खाली.

“दिलं हुतं की.”

“मग चूक कुणाची?”

अण्णांनी पुढची शेंग उचलली...

भूपाल मगदूम म्हणजे आमचे अण्णा. आमच्या पंपाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं त्यांनी ड्रॉइंगची खोली सांभाळली. निवृत्त होऊनही अकरा वर्षं झाली. आता गावी असतात. पेरणी जवळ आली की सोप्यात बसून बियाण्याच्या शेंगा फोडतात.

विचारणारा मकरंद दाभोळे. वय बत्तीस, हुद्दा डॉक्युमेंटेशन मॅनेजर. हुशार पोरगा, त्यात वाद नाही, आणि ते त्याला स्वतःलाही पक्कं ठाऊक आहे. त्याच्या मोबाइलच्या नकाशात अण्णांची गल्ली नव्हती, म्हणून वाट दाखवायला मी सोबत आलो होतो. मी त्याच कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस.

प्रकरण असं होतं. एका पंपाच्या शाफ्टचं माप मार्चमध्ये बदललं. बेअरिंग बसते तिथला व्यास पंचेचाळीसचा पन्नास मिलिमीटर झाला. मकरंदनं नवं ड्रॉइंग त्याच दिवशी सगळ्यांच्या टॅबवर पाठवलं. लेथवरच्या रऊफ मुजावरनं ‘वाचले’ हे बटणही दाबलं. आणि मग साठ शाफ्ट त्यानं जुन्याच मापात, पंचेचाळीसमध्ये कातून ठेवले.

जास्त जाड राहिलं असतं तर पुन्हा कातता आलं असतं. कातून गेलेलं लोखंड परत लावायचं कसं? साठच्या साठ भंगारात गेले.

रऊफच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. उद्या सकाळी दहाला चौकशीचा अहवाल द्यायचा होता, आणि त्यात ‘जबाबदार व्यक्ती’ असं लिहिलेली एक चौकट रिकामी होती. तिथे रऊफचं नाव पडलं, की अडतीस वर्षं लेथ चालवलेला माणूस हार-नारळाशिवाय गेटबाहेर जाणार होता.

मकरंद दुष्ट नव्हता. त्याला फक्त अण्णांकडून एकदा ऐकायचं होतं, की बाबा, तू बरोबर आहेस.

“अकरा हजार ड्रॉइंग आहेत आपली,” तो म्हणाला. “पूर्वी एक शोधायला तुम्हाला अर्धा तास लागायचा. आता आठ सेकंद.”

“आठ,” अण्णा म्हणाले. “झ्याक हाय. आणि नाहीसं करायला?”

“नाहीसं कशाला करायचं?”

अण्णांनी आणखी एक शेंग फोडली. मला मात्र एकदम ती खिडकी दिसली.

ड्रॉइंगच्या खोलीला हातभर रुंदीची एक खिडकी होती. आत अमोनियाच्या वासानं नाक झोंबायचं. यंत्रातून निळ्या रेघांचे कागद बाहेर यायचे, ऊन ऊन, जरासे दमट. हिवाळ्यात पहिल्या पाळीचे लोक ते कागद घटकाभर छातीशी धरून उभे राहायचे. आज इतक्या वर्षांनी कुठे फरशी पुसल्याचा तसला उग्र वास आला, तरी मला सकाळचे सात वाजल्यासारखं वाटतं. ते दिवस गेले याचं वाईट वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

त्या खिडकीचा एक नियम होता. माप बदललं आणि तुम्ही नवा कागद मागायला गेलात, की अण्णांचा हात बाहेर यायचा. रिकामा.

“जुना?”

एवढाच शब्द. जुना कागद हातात पडल्याशिवाय नवा मिळत नसे. तेलानं माखलेला चाले, फाटलेला चाले, पण सगळा लागे. एकदा घोरपडे फोरमननं कागदाचा कोपरा फाडून जेवणाच्या डब्यात चटणीखाली घातला होता, आणि डबा घरी गेला होता कागलला. अण्णांनी नवा कागद दिला नाही. घोरपडे रागारागानं सायकलवरून कागलला गेले, आणि चटणीचा वास येणारा तो कोपरा घेऊन आले. अण्णांनी तो जुन्या कागदाला जोडून बघितला, जुळला, मग वहीत ‘जुनी प्रत परत’ या रकान्यात सही घेतली.

आम्ही मागे हसायचो. तोंडावर कोण हसणार?

मी हे मकरंदला सांगितलं. तोही हसला.

“छान आहे,” तो म्हणाला. “पण आता कागदच नाही हो. सगळा कारखाना पेपरलेस आहे. परत काय घ्यायचं?”

“कागदच न्हाई?” अण्णांनी विचारलं.

“एकही नाही.”

“मग रऊफनं शाफ्ट कशावरनं कातले?”

मकरंदनं नजर टरफलांकडे वळवली.

“त्याच्या कपाटात निघाला एक. दाराला आतून चिकटवलेला. टॅबवरची अक्षरं त्याला बारीक दिसतात, आणि तेलकट बोटांना स्क्रीन दाद देत नाही म्हणे. सगळ्यांच्या तशाच सबबी असतात.”

अण्णांचे हात थांबले.

“निळ्या रेघा?”

“हो.”

“कोपऱ्यात गोल शिक्का?”

“आहे. खाली सही पण आहे. वाचता येत नाही.”

अण्णांनी सूप बाजूला सरकवलं...

“उन्हात असता तर कवाच उडून गेला असता तो,” ते हळू म्हणाले. “रेघा टिकत न्हाईत उजेडात. दाराच्या आत, अंधारात जपला त्यानं.”

“तुम्हाला माहीत होता?”

“सही माझी हाय.”

आत कुकरची शिट्टी झाली.

“माझा शेवटचा दिवस,” अण्णा म्हणाले. “दुसऱ्या दिवसापासनं कॉम्प्युटर. झाडून सगळे कागद जमा करायचे हुते. चार हजार तीनशे बारा. एक एक मोजून घेतला. शेवटाला रऊफ आला. हातात ह्यो शाफ्टचा कागद. म्हणाला, अण्णा, ह्यो एक राहू दे माझ्याकडं. तुमची सही हाय त्याच्यावर... मी हात बाहेर काढलाच न्हाई. खिडकी लावून घेतली.”

मला तो दिवस आठवत होता. यंत्र सकाळपासून बंद होतं, खोलीत अमोनियाचा वाससुद्धा नव्हता, तरी खिडकीच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांत पाणी होतं. मी लांबून पाहिलं होतं. कागदाचं मात्र मला आजच कळलं.

“चौकशीत त्याला विचारलं न्हाई, कागद कुठला म्हणून?” अण्णांनी विचारलं.

“तीनदा विचारलं,” मकरंद म्हणाला. “गप्प बसला.”

अण्णांनी मान खाली घातली. नाव सांगून मोकळा झाला असता रऊफ. अण्णांना आता कोण काय करणार होतं?

“अण्णा, पण तेव्हा माप बरोबर होतं,” मी म्हणालो. मला त्यांना कसंही करून सोडवायचं होतं. “माप तर यंदा बदललं.”

“माप बरोबर हुतं,” अण्णा म्हणाले. “कागद बाहेर राहिला.”

मकरंदचा चेहरा उजळला. खरं सांगतो, त्यात त्याचा आनंद फक्त स्वतःपुरता नव्हता. रऊफला घालवायची त्यालाही हौस नव्हती.

“मग सोपं आहे,” तो लॅपटॉप उघडत म्हणाला. “मी तुमचं नाव घालू? राग मानू नका. तुम्ही निवृत्त आहात, तुमच्यावर कारवाई होऊ शकत नाही. रऊफचाचा सुटतील. सिस्टिमवरही डाग नाही.”

“घाला.”

“नक्की?”

“घाला म्हणतोय न्हवं?”

मकरंदनं चौकटीत नाव टाइप केलं. भूपाल मगदूम. मी दुसरीकडे बघत बसलो.

अण्णांनी धोतराला हात पुसले. मग उजवा हात पुढे केला. रिकामा.

“काय?” मकरंदनं विचारलं.

“तो कागद. अकरा वर्षं ऱ्हायला माझा घ्यायचा. द्या हिकडं.”

“तो इथे नाही, अण्णा. पुरावा आहे तो, ऑफिसात कुलपात आहे.” मग म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, “पण स्कॅन केलाय. इतका सुरेख आलाय, की मूळ कागदापेक्षा स्पष्ट. तुम्हाला पण पाठवतो.”

हात तसाच होता.

“स्कॅन कुठं हाय?”

“अहवालाच्या कच्च्या मसुद्याला जोडलाय. नऊ जणांना गेला. एका मिनिटात.”

“कुणाकुणाला?”

“खरेदी, तपासणी, फाउंड्री... सगळे खातेप्रमुख.”

“कुणी छापून घेतला?”

“घेतला असेल दोघातिघांनी. मोठे साहेब स्क्रीनवर वाचत नाहीत.” तो जरा घुटमळला. “आणि एक लेथच्या विभागात फलकावर लावलाय. हा वापरायचा नाही, हे सगळ्यांना कळावं म्हणून.”

“त्याच्यावर फुली मारली?”

“नाही...”

“का?”

“पुरावा खराब होऊ नये म्हणून.”

हे बोलताना त्याचा आवाज शेवटी शेवटी बारीक होत गेला. माझ्या डोळ्यांसमोर तो फलक आला. दुसऱ्या पाळीचा कुणी नवा माणूस त्याच्यासमोर उभा असेल, चष्मा न लावताही दिसेल असं ठळक पंचेचाळीस वाचत. खाली शिक्का, त्याखाली सही. विश्वास ठेवायला आणखी काय लागतं माणसाला?

मकरंदनं मोबाइल काढला, फलकाजवळच्या कुणालातरी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

मग त्यानं मोबाइल ठेवला आणि लॅपटॉप जवळ ओढला. चौकटीतलं नाव एक एक अक्षर मागे घेत पुसलं. चौकट पुन्हा रिकामी झाली. साहेबपणा कुठल्याकुठे गेला होता, समोर नुसतं एक दमलेलं पोरगं बसलं होतं.

“अहवाल उद्या दहाला द्यायचाय, अण्णा,” तो म्हणाला. “मग... नाव कुणाचं घालू?”

अण्णांचा हात अजून पुढेच होता.

“नऊच्या नऊ परत आणा. आणि फलकावरचा. ह्या हातात ठेवा... मग सांगतो.”