उपासाला चालतं

एका गावात एक वैद्यीणबाई होती. तिच्या हाताला गुण होता आणि नाकावर राग. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. सुंठ, ओवा, जायफळ, बेलफळाचा गर, डाळिंबाची साल असं काय काय तिच्या फडताळात बरण्यांतून भरलेलं असे. पण पोट बिघडलेलं माणूस दारात आलं, की यातली एकही बरणी ती लगेच उघडत नसे. आधी म्हणायची, "उपास कर." बाकीचं दोन वाक्यांत उरकायची आणि पुढच्या घराकडे चालू लागायची.

एकच गोष्ट दोनदा सांगणं तिच्या जिवावर यायचं. "यांना कान दिलेत ते काय डूल अडकवायला?" असं ती रस्त्यातून एकटीच बडबडत जायची. लोक ऐकायचे आणि हसायचे. औषधाला गुण आला की आक्काचं नाव व्हायचं. नाही आला, तर आक्का म्हणायची, "सांगितलेलं पाळलं नसणार."

त्याच गावात एक कासार राहायचा. बांगड्यांची पेटी खांद्यावर घेऊन तो आसपासच्या वाड्यावस्त्यांवर हिंडायचा आणि बायकांच्या हातांत बांगड्या भरायचा. हात त्याचा फार हलका. प्रत्येक बांगडी चढवताना विचारायचा, "दुखतंय का, ताई?" स्वभावाने तर इतका गरीब, की कुणी काही पुढे केलं तर नको म्हणणं त्याला जमतच नसे.

घरी त्याची बायको, कासारीण. नवऱ्यावर तिचा भारी जीव, आणि हा जीव ती रोज त्याच्या ताटात वाढायची. ताट रिकामं दिसलं की तिला चैन पडत नसे.

लग्नसराईचे दिवस होते. कासार दिवसभर उन्हात फिरला, तहानेने व्याकूळ झाला आणि वाटेतल्या तळ्याचं पाणी ओंजळीने प्याला. हात न धुताच झाडाखाली बसून भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात असा मुरडा आला की त्याला उभं राहवेना. जुलाब सुरू झाले, अंग तापलं. कासारीण धावत जाऊन आक्काला घेऊन आली.

आक्काने नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं.

"पाणी कुठलं प्यालास?"

"तळ्याचं."

"ज्यात म्हशी डुंबतात, त्या?"

"काल दोनच होत्या, आक्का."

आक्काने क्षणभर डोळे मिटून घेतले. मग कासारणीकडे वळून तिने भराभर सांगितलं, "आतड्यांना लागण झालीय. दोन दिवस उपास. तांदळाची पातळ पेज करायची आणि थोडी थोडी द्यायची. तांब्याभर पाणी उकळून गार कर, त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाल, ते घोट घोट पाजत राहा. दुसरं काही नाही. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी हात राखेने घासून धुवायचे. कळलं?"

"कळलं, आक्का."

आक्का निघालीसुद्धा. पुढच्या आळीत एक बाळंतीण अडली होती.

आता कासारीण खोटं बोलली का? मुळीच नाही. तिला कळलं होतं. पंचाईत ही, की तिला फारच चांगलं कळलं होतं. उपास हा शब्द तिला आक्काने शिकवायची गरज नव्हती. सोमवार, चतुर्थी, एकादशी, महाशिवरात्र, लहानपणापासून तिचे उपास चालू होते आणि त्यातला एकही कधी चुकला नव्हता. नवऱ्याला दोन दिवसांचा उपास सांगितलाय म्हटल्यावर तिने पदर खोचला आणि साबुदाणा भिजत घातला.

मग तिने पेजेसाठी तांदूळ सुपात घेतले, आणि तिचा हात थांबला. उपासाला तांदूळ? छे! तांदूळ परत कणगीत गेले आणि वरई बाहेर आली. कोरडी वरई आजारी माणसाच्या घशाखाली कशी उतरणार, म्हणून दाण्याची आमटी झाली. साखरेचं पाणी तिने अगदी आक्काने सांगितलं तसं उकळून केलं. मिठाच्या बरणीशी मात्र पुन्हा अडली. त्या घरात उपासाला सैंधवच लागायचं आणि सैंधव तर संपलं होतं. मग मीठ राहिलंच. खिचडीतही मीठ नव्हतं, म्हणून तिने दोन मिरच्या जास्त घातल्या.

कासारापुढे ताट आलं. त्याने एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"अगं, आक्का पेज म्हणाली होती ना?"

"आक्का घाईत होती हो. आधी उपास म्हणाली की नाही? मग पेज कशी चालेल? बाईमाणसाला हे काय वेगळं सांगावं लागतं?"

"पण पोट दुखतंय गं."

"रिकामं आहे म्हणून दुखतंय. खा."

आणि हा खाऊ लागला! जगात नको म्हणायचे प्रसंग पुष्कळ येतात, पण आतड्यांना लागण झालेली असताना पुढ्यात तुपात परतलेली, दाण्याचं कूट घातलेली खिचडी येणं, याहून सोपा प्रसंग कुणाला मिळणार? तोही याने दवडला.

संध्याकाळपर्यंत त्याचे हाल कुत्रा खाईना. बातमी आळीभर पसरली आणि शेजारीण राजगिऱ्याचे लाडू घेऊन आली, कारण राजगिरा उपासाला चालतो. कुणी केळी आणली, कुणी रताळी. एकीने काढ्यासाठी सुंठ, ओवा आणि बेलाचा गर आणला होता, पण यातलं उपासाला नक्की काय चालतं याच्यावर तिचं आणि शेजारणीचं एकमत होईना, म्हणून तो काढा चुलीवर चढलाच नाही. नवरा आत कळवळतोय आणि बाहेर ओव्यावर चर्चा!

दुसऱ्या दिवशी त्याला उठून बसवेना. कासारीण रडकुंडीला आली. "इतका नेमाने उपास केला, तरी उतार का पडत नाही?"

शेजारीण गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "कुठेतरी मोडला असणार."

दोघींनी मिळून कासाराची उलटतपासणी केली. त्या गरीब माणसाने कबूल केलं, की पहाटे तोंड फार कोरडं पडलं, म्हणून त्याने चुलीजवळच्या बरणीतला साध्या मिठाचा खडा जिभेवर ठेवला होता आणि वर दोन भांडी पाणी प्याला होता. त्या दोन दिवसांत त्या घरात घडलेलं शहाणपणाचं काम एवढं एकच. पण शेजारणीने कपाळाला हात लावला. "मोडलाच की मग! आता निर्जळी करा. उद्या सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नको, म्हणजे मोडलेला भरून निघेल."

कासारीण भ्याली होती, आणि भ्यालेलं माणूस कुणाचंही ऐकतं. तिने पाण्याचा तांब्या उचलून बाहेर ठेवला. नवऱ्याला एकट्याला जड जाऊ नये म्हणून स्वतःही पाणी सोडलं. हे तिचं प्रेमच होतं. अशा प्रेमापुढे बोलायचं तरी काय!

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का त्या वाटेने जात होती. उंबऱ्यात कासारीण बसली होती, ओठ सुकलेले, डोळे सुजलेले.

"काय गं, कसा आहे आता?"

"उपास चाललाय आक्का. कालपासून निर्जळी आहे."

"काय आहे?"

उत्तराची वाट न बघता आक्का आत शिरली. कासाराचे डोळे खोल गेले होते. जीभ वाळली होती. आक्काने त्याच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली.

"लघवी कधी झाली याला?"

"काल सकाळी झाली असेल."

"अगं, मारतेस का त्याला! गाडीवाल्याला हाक मार. बैल जुंपून दाराशी यायला सांग. शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागेल. इथली पेज नि काढे आता याला पुरायचे नाहीत. आणि गाडी येईपर्यंत चूल पेटव, पाणी उकळ, साखर आण आणि मीठ आण. साधं मीठ! मिठाची जात विचारशील तर खबरदार!"

गाडीवान बैल घेऊन नदीवर गेला होता. निरोप घेऊन माणूस धावला. आक्का कासाराच्या उशाशी बसली आणि चमचा चमचा पाणी त्याच्या ओठांत सोडू लागली. एक चमचा, थोडी उसंत, पुन्हा एक चमचा. उलटी झाली की जरा थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. तिचे हात हळुवार चालले होते, तोंड मात्र थांबत नव्हतं.

"पेज सांगितली होती मी. मीठ सांगितलं होतं. काय अवघड होतं त्यात?"

आता कासारणीला रडू फुटलं. "तुम्ही उपास म्हणालात, आक्का! उपासाला तांदूळ कधी चालतो का? तीस वर्षं उपास करतेय मी, मला कळत नाही होय? तुम्हीच सांगा, मी काय मोडलं?"

आक्काने चमचा पुढे नेला. कासारीण डोळे पुसत म्हणाली, "सुताराच्या आईला तर तुम्ही चार दिवस सांगितला होता. तिने केवढा कडक केला. शेवटचे दोन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाही बिचारीने."

आक्काचा हात तिथेच थांबला. सुताराची आई गेल्या चैत्रात गेली होती, अशाच दुखण्याने. तिच्या दारातून बाहेर पडताना आक्का म्हणाली होती, सांगितलेलं पाळत नाहीत, मग मी काय करणार. त्या म्हातारीने सगळं पाळलं होतं. शब्द न् शब्द पाळला होता.

मग ती पुन्हा चमच्याने पाणी देऊ लागली.

गाडी आली आणि दाराशी उभी राहिली. पाणी पोटात टिकू लागलं होतं, म्हणून आक्का म्हणाली, "घटकाभर बघू, लघवी झाली नाही तर निघायचं." गाडीवान, शेजारीण, लाडूवाल्या, रताळीवाल्या, सगळ्यांना एव्हाना कळलं होतं की आता कशाची वाट बघायची आहे. अख्खी आळी एका माणसाच्या लघवीसाठी जीव मुठीत धरून अंगणात उभी होती. घटका गेली. आक्का उठून म्हणाली, "उचला याला, गाडीत घाला."

तेवढ्यात कासार क्षीण आवाजात म्हणाला, "आक्का, मला जरा मागे जायचंय."

दोघांनी धरून त्याला परसात नेलं. परत आले तेव्हा गाडीवानाने मान हलवून "झाली" अशी खूण केली. कासारीण हसता हसता रडू लागली. आक्का मात्र म्हणाली, "बैल सोडू नकोस रे. आज दिवसभर गाडी दाराशीच राहील. ताप चढला, रक्त पडलं किंवा पुन्हा लघवी बंद झाली, तर कुणी मला विचारत बसायचं नाही. थेट दवाखाना."

गाडीची गरज पडली नाही. दुपारी पेज पोटात टिकली, दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि ताक, मग मुगाचं वरण. आठवड्याने कासार अंगणात बसून बांगड्या पुसत होता, तेव्हा आक्का आली. बराच वेळ ती त्याच्या हातांकडे बघत राहिली.

"तू प्रत्येक बांगडीला विचारतोस ना रे, दुखतंय का म्हणून? कंटाळा नाही येत?"

"येतो की, आक्का," कासार म्हणाला. "पण न विचारता ढकलली तर काच फुटते. काच माझी जाते, पण हात तिचा कापतो."

आक्का उठली. सुताराच्या घरापाशी ती थोडी थबकली, मग आत गेली. तिथे ती काय बोलली ते कुणाला कळलं नाही, पण बाहेर आली तेव्हा तिने पदराने डोळे टिपलेले शेजाऱ्यांनी पाहिले.

त्या दिवसापासून आक्काने उपास हा शब्दच टाकला. पोट बिघडलेल्या पहिल्याच घरी तिने सांगितलं, "दोन दिवस पोटाला सुट्टी द्या. फक्त पातळ पेज, आणि साखर-मिठाचं पाणी."

त्या घरच्या बाईचा चेहरा खुलला. "सुट्टी होय? मग काहीतरी गोडधोड करू का?"

आक्काच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तोंडापर्यंत आलेलं सगळं तिने मोठ्या कष्टाने गिळलं. मग ती उंबऱ्यावर चांगली मांडी घालून बसली आणि म्हणाली, "ये, बस इथे. मी काय सांगितलं, ते आता तू मला सांग. चुकलीस तर मी पुन्हा सांगेन. मला आज कुठेही जायचं नाही."

तात्पर्य: बिघडलेल्या पोटाला पेज, पाणी, मीठ आणि विश्रांती हवी, आणि लक्षणं वाढली तर दवाखाना. पण हे सांगणाऱ्याने "कळलं का?" एवढं विचारून उठू नये, काय कळलं तेही ऐकून घ्यावं.