मागून आणलेली भाकरी

"आणि उतराई झाल्यावर पुढं काय?" दावलबाबांनी विचारलं.

जालिंदरला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. आईच्या उपकारांतून उतराई व्हायचंय, असं चारचौघांत म्हटलं की माणसं माना डोलावतात, एखादा डोळेही पुसतो. पुढं काय, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"पुढं म्हणजे... काही नाही. मन मोकळं होईल."

"म्हणजे मग ती तुझी कुणी लागत नाही?"

"असं कसं, बाबा!"

"नाही, मी आपलं विचारतोय. मला घर नाही, दार नाही. यातलं मला काय कळणार?"

दावलबाबा टेकडीवरच्या तकियात, म्हणजे फकिराच्या मठीत, राहायचे. गावातली माणसं अडलं-नडलं की या म्हाताऱ्या फकिराकडे उत्तर मागायला यायची, आणि बहुतेक वेळा आणखी एक प्रश्न पदरात घेऊन टेकडी उतरायची. तरी यायची थांबत नव्हती. बाबा थट्टा करताहेत की खरंच त्यांना जाणून घ्यायचंय, हे अजून कुणाला ओळखता आलेलं नाही. जालिंदरलाही आलं नाही.

त्याची अडचण साधी होती आणि तिच्यावर काही केल्या इलाज सापडत नव्हता. गावात त्यानं आईसाठी घर बांधलं होतं. येत्या गुरुवारी वास्तुशांत होती. पाहुण्यांना निरोप गेले होते, आचारी ठरला होता. आणि आई त्या घरात पाऊल टाकायला तयार नव्हती.

"भांडली का?"

"नाही."

"सुनेशी काही?"

"त्या दोघींचं गूळपीठ आहे. मलाच बाजूला काढतील."

"मग म्हणते काय?"

"म्हणते, तुजं घर झ्याक झालंय. मी आपली हितंच बरी."

"हितं म्हणजे?"

"पत्र्याच्या शेडात, बाबा! बांधकामापुरतं मारलेलं शेड ते. दिवसा भट्टी, रात्री गारठा. जुनं घर पाडल्यापासून आम्ही चौघं त्यात राहतोय. मी, बायको, पोरगी आणि आई. तिथं ती बरी आणि एवढ्या बंगल्यात नाही?"

त्याचा आवाज चिरकला. बोअरच्या गाड्या घेऊन चार राज्यं पालथी घातलेला गडी, पण आता रडतो की काय असं वाटलं.

"काय कमी केलं मी? तिला एका विटेला हात लावू दिला नाही. स्लॅबच्या दिवशी भावकी आली होती घमेली घेऊन, त्यांनाही हात जोडून परत पाठवलं. म्हटलं, माझ्या आईच्या घरावर कुणाच्या घामाचं ओझं नको. सगळं माझं मी केलं. कुणाकडून काडी घेतली नाही."

"काडीसुद्धा नाही?"

"काडीसुद्धा नाही."

बाबांनी भुवया उंचावल्या आणि काठी उचलली.

"चल. मला बघू दे."

"काय?"

"असं घर मी अजून बघितलेलं नाही."

*

घर होतंच बघण्यासारखं. बाबांनी ते लहान पोरासारखं बघितलं. नळ सोडून पाहिला, बंद केला. खिडकी सरकवली, परत सरकवली. गुळगुळीत फरशीवर अनवाणी पाय घासून बघितले. प्रत्येक दाराशी थांबून विचारायचे, "हितं काय?"

"हे स्वयंपाकघर. ही पोरीची अभ्यासाची खोली. आता पोत्यावर बसून लिहिते, आजीला उलटसुलट प्रश्न विचारत."

"आजी लिहायला शिकलीय?"

"कुठली! म्हणून तर पोरगी तिला शिकवत बसते. निम्मा वेळ हसण्यातच जातो. इथं एकटीला शांतपणे अभ्यास होईल."

बाबा 'हं' म्हणाले.

"आणि ही आईची खोली." जालिंदरनं दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला. सगळ्यात चांगली खोली त्यानं तिला काढली होती. पूर्वेचं ऊन, जाड गादीचा पलंग, उशाशी पंख्याचं बटन, आतच न्हाणी. "तिला उठावंसुद्धा लागणार नाही."

बाबा पलंगावर बसले. मग चक्क आडवे झाले. छताकडे बघत राहिले...

"छान आहे," ते म्हणाले. "हितं पडून माणूस काय करतं?"

"आराम. जन्मभर राबलीय ती. माझा बाप गेल्यावर लोकांच्या शेतात खुरपायला जायची. आता तिनं फक्त बसायचं. काही मागायचं नाही, काही करायचं नाही."

"मेलेल्या माणसाला ठेवतात तसं."

जालिंदरचा चेहरा पडला. राग आला, पण फकिरावर रागवायचं कसं हे त्याला सुचेना. बाबा मात्र उठून बसले होते आणि गादी दाबून बघत होते. आपण काही लागेल असं बोललो, याचा पत्ताच नसल्यासारखे.

"मला भूक लागलीय," ते म्हणाले.

"आत्ता सांगतो शेवंताला."

"सांगू नकोस. माग." बाबांनी झोळीतून आपला कटोरा काढला आणि जालिंदरच्या हातात दिला. काळा, वापरून झिजलेला, कडेला टवका उडालेला. "मी घरी बसून खात नाही, मागून खातो. आज माझ्या जागी तू जा."

"मी? माझ्याच दारात?"

"तुझं दार हे. मी तुला शेडाच्या दारात पाठवतोय."

*

शेडात स्वयंपाक चालला होता. त्याची बायको शेवंता कांदा चिरत होती. आई, राहीबाई, परातीशी बसून भाकरी थापत होती. जालिंदर दारातूनच म्हणाला, "शेवंता, बाबांना जेवायला वाढ. लवकर."

भरलेला कटोरा घेऊन तो परत आला. बाबा आता नव्या घराच्या पायरीवर येऊन बसले होते. त्यांनी तो हातातही घेतला नाही.

"हे हुकमाचं आहे. मला पचत नाही. मागितलेलं आण."

जालिंदर दात-ओठ खात माघारी वळला. या वेळी आईसमोर उभा राहिला.

"आई, बाबांना भूक लागलीय. हे त्यांना चालत नाही म्हणे. दुसरी भाकरी दे."

आईनं त्याच्या हातातल्या कटोऱ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. शेवंतानं पदरानं तोंड झाकलं, पण तिचे खांदे हसताना हलत होते. आईनं पहिली भाकरी काढून घेतली, ताजी ठेवली.

बाबांनी कटोरा बघितला.

"कुणाला भूक लागलीय म्हणून सांगितलंस?"

"तुम्हाला."

"मला कुठं लागलीय? सकाळी पोटभर खाऊन निघालो मी."

"बाबा! तुम्हीच तर म्हणालात!"

"मी काय, म्हाताऱ्या माणसाला सवयीनं भूक लागते." बाबांनी भाकरी काढून झोळीत टाकली आणि रिकामा कटोरा पुन्हा त्याच्याकडे दिला. "मला खरंच समजत नाही. हितं भूक कुणाला आहे? जरा विचारून ये."

जालिंदर कटोरा घेऊन अंगणाच्या मधोमध उभा राहिला. पुढं नवं घर, मागं शेड. रस्त्यावरून ओळखीचं कुणीतरी सायकलवरून गेलं आणि वळून वळून बघत राहिलं. बोअरवाला जालिंदर, हातात फकिराचा कटोरा घेऊन...

लाजेनं त्याचे कान तापले. कटोरा फेकून द्यावा असं त्याला मनापासून वाटलं.

आणि मग त्याला उमगलं की त्यानं सकाळपासून चहाशिवाय काही घेतलेलं नाही. आचाऱ्याकडे, फरशीवाल्याकडे, टेकडीवर असं फिरताना जेवण राहूनच गेलं होतं. नेहमीच राहायचं. आई विचारायची, "वाढू का रं?" आणि हा म्हणायचा, "राहू दे, तू बस, मी माझं घेतो." गेली किती तरी वर्षं हे असंच होतं. तिला त्रास नको, म्हणून. आणि हे म्हणताना आपण किती गुणी मुलगा आहोत, असं त्याला दर वेळी वाटायचं.

तो शेडाच्या दारात गेला.

"आता काय ऱ्हायलं?" आईनं मान वर न करता विचारलं.

जालिंदरनं कटोरा पुढं केला. शेवंताच्या हातातली सुरी थांबली.

"आये..."

शहरात धंद्याला लागल्यापासून तो 'आई' म्हणायचा. हे जुनं हाकेचं रूप त्याच्या तोंडून आलं तसं राहीबाईनं वर बघितलं.

"आये, मला वाढ. लई भूक लागलीय."

पिठानं भरलेले तिचे हात परातीवर तसेच राहिले...

"कवाधरनं उपाशी हायस?"

"सकाळधरनं."

"आन् आता सांगतुयास व्हय, मुडद्या?" ती कडाडली. अशी शिवी त्यानं कित्येक वर्षांत खाल्ली नव्हती. "बस हितं! उभ्यानं काय भिक्षा मागतुयास! शेवंता, त्यो कांदा फोड, चिरू नगंस. त्येला फोडल्यालाच लागतूय."

तो पाटावर बसला. आईनं तव्यावरची भाकरी उलटली, जाळावर धरून फुगवली, आणि गरम वाफेसकट त्याच्या कटोऱ्यात घातली. तांबडी चटणी ठेवून वर तेलाची धार धरली. जालिंदर खाऊ लागला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते चटणीचं म्हणून खपून गेलं. दारात सावली पडली. बाबा काठी टेकत येऊन उंबऱ्याबाहेर बसले होते आणि मोठ्या आवडीनं त्याचं खाणं बघत होते.

"अजून वाढू?"

तोंडावर आलेलं 'राहू दे' जालिंदरनं घासाबरोबर गिळलं.

"वाढ."

राहीबाई हसली. सगळी हसली, डोळ्यांसकट. दुसरी भाकरी त्याला घालता घालता ती मोकळेपणानं बोलायला लागली, गेल्या कित्येक महिन्यांचं साठलेलं काढावं तशी. तो फरशीवाला चांगला आहे पण पाणी प्यायला मागायला लाजतो, तेव्हा त्याच्याजवळ तांब्या भरून ठेवत जा. पोरीच्या खोलीला मधनं भिंत घातलीस, आता ती मला 'ळ' कसा काढायचा ते कुठं बसून शिकवणार? आणि वास्तुशांतीला भावकीला सांगावा धाड, मला मान खाली घालून पाणवठ्यावर जायला लागतंय. जालिंदर खात होता आणि ऐकत होता. आत न गेलेल्या बाईला घरातलं एवढं सगळं ठाऊक होतं.

मध्येच ती थांबली.

"व्हय रं, देवाच्या कट्ट्याला काल गिलावा केलाय न्हवं? त्येला पाणी कुणी मारलं?"

"माणूस लावलाय त्याला."

"त्यो आज फिरकलाच न्हाय. तडकंल त्यो कट्टा. ओल्या गिलाव्याला असं सोडत्यात व्हय?"

उत्तराची वाट न बघता तिनं हात झटकले, पदर खोचला, पिंपातून कळशी भरून कडेवर घेतली आणि बाबांच्या बाजूनं अंगणात उतरली. "सरा बाबा, पाय वलं हुतील," म्हणाली आणि गेली. तरातरा चालत नव्या घराची पायरी चढली. दारात अडखळलीसुद्धा नाही. आत दिसेनाशी झाली.

शेवंता तोंडावर हात ठेवून पुटपुटली, "आत्याबाई... आत गेल्या..."

आतून पाण्याचा सपकारा ऐकू आला. मग आणखी एक. मग आईचा आवाज, त्या रिकाम्या घरात घुमणारा. कट्ट्यावर कुणीतरी बिडीचं थोटूक ठेवलं होतं आणि ती त्या अज्ञात माणसाचा उद्धार करत होती.

जालिंदरला काय करू आणि काय नको असं झालं. ती आत गेली होती! स्वतःच्या पायानं! पण कळशी पाण्यानं भरलेली, फरशी गुळगुळीत, आणि तिचे गुडघे हे असे... तो कटोरा ठेवून ताडकन उठला.

"आये, थांब! कळशी ठेव ती खाली! मी आलो, मी मारतो पाणी..."

दारात काठी आडवी आली.

"खाली बस," दावलबाबा म्हणाले. "भाकरी गार होतीय."