लांडग्यांना हाक मारणारा कंठा

एकदा एका गुरूंनी आपल्या शिष्येला तोंड बंद ठेवण्याची आज्ञा केली, तीही सलग दोन दिवसांची. शिष्या बोलकी होती आणि शिकवण्याची तिला मनापासून आवड होती. अशा माणसाला गप्प बसवणं म्हणजे केवढी कठोर तपश्चर्या, हे ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांना मी सांगायला नको.

आता तुमच्या डोळ्यांसमोर लगेच आश्रम आला असेल, पांढरी दाढी आली असेल. ती पुसून टाका. गुरू होते चिपळूणचे सदानंद कोळवणकर, वय वर्षं सत्तर, आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गाला बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. शिष्या होती सांगलीची केतकी बेंद्रे, एका लॅबमध्ये रक्त तपासणारी. दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झालेली नव्हती. त्यांची गाठ पडली ती ‘सप्तदुर्ग’ नावाच्या एका ऑनलाइन खेळात. हसू नका. जिथे एकाला येतं आणि दुसऱ्याला शिकायचं असतं, तिथे गुरुकुल भरतंच. जागा मोबाइलमधली असली म्हणून काय बिघडलं?

या खेळात माणसं टोळी करून गुहांमध्ये शिरतात, लांडग्यांशी आणि राक्षसांशी लढतात, आणि लढता लढता माइकवरून एकमेकांशी बोलतात. प्रत्येकाचं काम ठरलेलं. केतकी ढालवाली होती. तिने पुढे उभं राहायचं आणि सगळे वार आपल्या अंगावर घ्यायचे. मास्तर (त्यांना सगळी टोळी मास्तरच म्हणे) मागून बाण मारायचे. कुणी वैद्य व्हायचं आणि जखमींना बरं करायचं. या टोळीत एक गोड प्रथा होती. नवा माणूस आला की जुन्यांनी आपापल्या पेटीतल्या उत्तम वस्तू त्याला द्यायच्या. याला ते ‘ओटी भरणं’ म्हणत.

अशाच एका शनिवारी टोळीत उर्मिला गुरव आल्या. वय चोपन्न, राहणार वाई, व्यवसाय ब्लाउज शिवण्याचा. त्यांनी येतानाच स्वच्छ सांगून टाकलं, “मला खेळाबिळाची हौस नाही हो. माझा रुपेश आखातात एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. तीन वर्षं झाली. फोन केला की जेवलास का, जेवलो, तू जेवलीस का, जेवले, संपलं! आणि हाच मुलगा दर शुक्रवारी दुपारी या खेळात मित्रांशी दोन-दोन तास बोलतो म्हणे. म्हटलं, तो जिथे बोलतो तिथे आपणच जावं. येत्या शुक्रवारपर्यंत मला एवढं शिकवा, की त्याच्याबरोबर चालताना मी त्याच्या पायात पायात यायला नको.”

हे ऐकून केतकीला भरून आलं. तिने उर्मिलाताईंना वैद्य केलं आणि ओटी अशी भरली की टोळीत आजवर कुणाची भरली नव्हती. लोखंडी चिलखत, चांदीचे जोडे, तीन अंगठ्या, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे तिचा स्वतःचा, चार महिने खपून मिळवलेला, लाल खड्यांचा कंठा. शिवाय वैद्याच्या बाराच्या बारा विद्या एका ओळीत मांडून दिल्या आणि कुठली केव्हा वापरायची हे सांगणारा बावीस मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. कुणाला काही देताना हात आखडता घ्यायचा नाही, असा तिचा स्वभावच होता.

आणि झालं काय? उर्मिलाताई गुहेत पाऊल टाकायचा अवकाश, पाचही लांडगे केतकीला सोडून त्यांच्यावरच झेप घ्यायचे. केतकी ओरडायची, “ताई, तीन नंबर दाबा! आता सात! अहो मागे व्हा, मागे! नऊ, नऊ!” तीन नंबर सापडेपर्यंत ताई आडव्या झालेल्या असायच्या. रविवारी असं चार वेळा झालं, सोमवारी सात वेळा. मंगळवारी त्यांचा निरोप आला, “केतकी, तू फार जीव लावलास. पण मला नाही गं जमायचं. मी आपली शिवणयंत्रावरच बरी. रुपेश कुठे भेटला तर मी आले होते हे त्याला सांगू नकोस. उगाच हसेल.”

केतकीने रडवेल्या आवाजात मास्तरांना फोन लावला. “मास्तर, सगळं दिलं हो मी त्यांना! काय कमी ठेवलं?”

मास्तरांनी ओटीतल्या वस्तूंची यादी नीट ऐकली. जरा वेळ हूं हूं केलं आणि म्हणाले, “ताईंना उद्या चार वाजता यायला सांग. म्हणावं, एकच दिवस द्या मला. आणि तू पण ये.”

बुधवारी चार वाजता मास्तरांनी पहिली गोष्ट केली ती अशी, की उर्मिलाताईंना सगळं काढून पेटीत ठेवायला लावलं. चिलखत, जोडे, अंगठ्या, कंठा, सगळं. अंगावर राहिला पहिल्या दिवशी मिळतो तो सुती सदरा आणि हातात एक काठी. बारा विद्यांपैकी अकरा बाजूला झाल्या आणि उरली एकच, ‘फुंकर’. ती दाबली की समोरच्या माणसाची जखम थोडी भरते, बस्स.

“आणि केतकी,” मास्तर म्हणाले, “उद्या संध्याकाळपर्यंत तुझा माइक बंद. तू ढाल घेऊन उभी राहायचं. लांडगे चावले तर चावून घ्यायचं. शब्द काढायचा नाही.”

“अहो मास्तर, त्यांच्या अंगावर इतकं सगळं असताना त्या मरत होत्या, आणि तुम्ही त्यांना सदऱ्यावर पाठवताय? मला शिक्षा करायची तर करा, त्यांना कशाला?”

“माइक,” मास्तर म्हणाले.

केतकीने तोंड फुगवून माइक बंद केला.

तिघं गुहेत शिरली. लांडगे आले आणि काय नवल, पाचही जण केतकीवर तुटून पडले. उर्मिलाताई बाजूला उभ्याच! “अगं बाई, आज मला कुणीच विचारत नाही!” त्या म्हणाल्या. मग त्यांना केतकीच्या डोक्यावरची, अंगात किती जीव उरलाय ते दाखवणारी लाल पट्टी कमी होताना दिसली. त्यांनी फुंकर दाबली, पट्टी वाढली. पुन्हा कमी झाली, पुन्हा दाबली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना खेळाकडे बघायला सवड मिळाली होती.

थोड्या वेळाने त्या ओरडल्या, “मास्तर, मी फुंकर घालतेय तरी हिची पट्टी उतरतेच आहे! हिच्या पायाशी काहीतरी हिरवं हिरवं दिसतंय. विषबिष लागलं की काय? याला काही उतारा नाही का?”

“आहे की. तुमच्या अकरा विद्यांत आहे. शोधा.”

“शोधा काय, पोरगी मरतेय इथे!”

पोरगी मेलीच. पण उर्मिलाताईंनी एकेका चित्रावर बोट ठेवून, वाचून, विचारून ‘उतारा’ शोधून काढला, आणि पुढच्या फेरीत हिरवा रंग दिसताच असा दाबला की केतकी घरी बसल्या जागी टाळ्या वाजवायला लागली. माइक बंद असल्याने त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत ताईंना चार विद्या येत होत्या. आणि त्या चारही कशाकरता हे त्यांना या खेपेला कुणी सांगितलेलं नव्हतं.

गुरुवारी मास्तर म्हणाले, “ताई, आता वस्तू बघू. तुम्ही गिऱ्हाइकाचं माप कसं बघता?”

“एकदा अंगात घालून बघायला लावते. हात वर करा, खाली करा, वाका म्हणते. नुसतं आरशासमोर उभं राहून काही कळत नाही.”

“मग तसंच करा. एका वेळी एकच वस्तू.”

ताईंनी चिलखत चढवलं आणि फुंकर घालून पाहिली. “छे! हे अंगावर असलं की फुंकर निघायलाच उशीर होतो. माझ्या कामाचं नाही.” चिलखत परत पेटीत गेलं. एक अंगठी ठेवली, दोन काढल्या. जोडे आवडले. मग कंठा घातला, आणि केतकीला चावत असलेले पाचही लांडगे गर्रकन वळून ताईंकडे धावले. ताईंनी झटकन कंठा काढला. लांडगे परत केतकीकडे. पुन्हा घातला. लांडगे पुन्हा ताईंकडे.

“अहो मास्तर! हा मेला कंठा लांडग्यांना हाक मारतोय! ‘या, इकडे या’ म्हणून! म्हणून मी मरत होते होय दोन दिवस?” आणि मग त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांना खोकला लागला. “केतकी, अगं, हा तुझ्याच गळ्यात शोभतो बाई. चावून घ्यायची हौस तुला आहे!”

सांगलीत केतकीने कपाळावर हात मारून घेतला. खरंच की! ती ढालवाली. शत्रूंनी आपल्यावर यावं म्हणूनच तर तिने तो कंठा चार महिने खपून मिळवला होता. तिच्या दृष्टीने ते त्याचं वैभव होतं. त्याच्यावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं, पण जे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं ते कोण वाचतं?

खेळ संपल्यावर तिने मास्तरांना फोन केला. “तुम्हाला मंगळवारी यादी ऐकतानाच कळलं होतं ना कंठ्याचं?”

“कळलं होतं.”

“मग एका वाक्यात सांगून मोकळं व्हायचं! दोन दिवस मला मुकं कशाला केलंत?”

मास्तर म्हणाले, “सांगितलं असतं तर ताईंनी एक कंठा काढला असता. परवा दुसरी कुठली वस्तू मिळाली असती, की पुन्हा तुलाच फोन. माझ्या वर्गात मुलं यायची तेव्हा समोर मोठमोठी यंत्रं असायची. मी त्यांना पहिले कित्येक दिवस एक कानस आणि एक लोखंडी तुकडा द्यायचो. घासा म्हणायचो. चिडायची. पण घासता घासता एखादा विचारायचा, ‘सर, याहून बारीक दातांची कानस नसते का?’ त्या दिवशी मी ती त्याच्या हातात द्यायचो. ती कानस तो जन्मभर विसरायचा नाही. केतकी, तू दिलंस ते सगळं चांगलंच होतं. पण प्रश्न पडायच्या आधी दिलेलं उत्तर माणसाला नुसतं ओझं होतं. आणि तुझं बोलणं इतकं भरभर होतं, की ताईंना प्रश्न पडायला फटच राहिली नव्हती.”

केतकी काही बोलली नाही. या वेळी तिला कुणी गप्प बसवलेलं नव्हतं.

शुक्रवार उजाडला. केतकीचा माइक आता मोकळा होता. दुपारी रुपेश आणि त्याचे दोन मित्र गुहेच्या तोंडाशी उभे होते आणि त्यांना एक वैद्य हवा होता. उर्मिलाताई टोपणनावाने त्यांच्यात सामील झाल्या. केतकी आणि मास्तरही मागोमाग गेले. बराच वेळ ताई शब्दही बोलल्या नाहीत. गुपचूप फुंकर घालत राहिल्या, उतारा देत राहिल्या. रुपेश मित्रांना म्हणाला, “वैद्य एकदम भारी आहे रे!” एवढ्यात एक मोठा राक्षस त्याच्या अंगावर आला आणि ताईंना राहवलं नाही.

“मागे हो रे रुपेश! पाय बघ, विष लागलंय तुला!”

मग रुपेश किंचाळला, “आई? आई, तू?”

राक्षस राहिला बाजूला. माय-लेकरं जी बोलायला लागली ती दीड तास बोलत होती. हॉटेलातला घोरणारा सोबती, रोजचे दोन पोती कांदे, नवीन मुकादम, सगळं सगळं आलं. तीन वर्षांत साठलेलं फोनवरच्या तीन मिनिटांत बाहेर पडत नव्हतं, ते त्या गुहेत बसून बाहेर पडलं.

शेवटी रुपेशने विचारलं, “पण आई, हे सगळं तुला शिकवलं कुणी?”

केतकीचं बोट माइकच्या बटनावर गेलं.

“शिकवायचंय काय त्यात?” उर्मिलाताई ऐटीत म्हणाल्या. “दोन दिवस खेळले, आपोआप आलं!”

केतकीने बोट मागे घेतलं. घटकाभराने तिने मास्तरांना फोन केला. “ऐकलंत?”

“ऐकलं. वाईट वाटलं?”

“खरं सांगू? थोडं वाटलं.”

“मलाही दर वर्षी वाटायचं,” मास्तर म्हणाले. “पोरं पास होऊन निघताना म्हणायची, ‘सर, हात आपोआप बसला.’ मग मी बाजारात जायचो आणि त्या पोरांसाठी पेढे आणायचो.”

केतकी हसली. त्या संध्याकाळी टोळीत एक नवा माणूस आला तेव्हा तिने त्याला एक काठी दिली, आणि तो काय विचारतो याची वाट बघत बसली.