अकरा होड्या आणि राजाची तसबीर

नांदवेळच्या कोळीवाड्यातल्या अकराही होड्या येत्या सोमवारी फोडायच्या, असा हुकूम किल्ल्यावरून सुटला. पोर्तुगालच्या राजाला नवं जहाज बांधायचं होतं आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक किल्ल्याने त्यासाठी लाकूड पाठवायचं होतं. रानात जाऊन साग तोडून आणायचा तर दोन महिने गेले असते. होड्या समोरच उभ्या होत्या. किल्ल्याचा कप्तान दोम लोरेन्स याला तेच सोपं वाटलं.

पावसाळा सरून मासेमारी आता कुठे सुरू व्हायची होती. होड्याच गेल्या तर वाड्याने खायचं काय?

वाड्यातली कातरीन कप्तानाच्याच घरी स्वयंपाकाला होती. तिचा बाप इनास त्यातल्याच एका होडीचा तांडेल. बापाच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नव्हता. शेवटी दुपारचं जेवण वाढता वाढता तिने विषय काढला.

"साहेब, त्या होड्यांना लाकूड कमी आणि ठिगळं जास्त आहेत. त्यांचं जहाज केलंत तर राजेसाहेबांना पोहत घरी यावं लागेल."

"राजे जहाजात बसत नाहीत, इतरांना बसवतात," कप्तान म्हणाला आणि भिंतीकडे पाहून त्याने आवाज खाली आणला. "आणि हळू बोल. राजे ऐकताहेत."

भिंतीवर राजाची पुरुषभर उंचीची तसबीर होती. यंदाच्या जहाजानेच ती आली होती. जिथे तसबीर तिथे साक्षात राजा, असा कप्तानाचा कायदा होता. तिच्यासमोर डोक्यावर टोपी ठेवायची नाही, बसायचं नाही, तिला पाठ दाखवायची नाही. कारकून सिमांव याला तिच्यासमोर एक जांभई आली, तर बिचाऱ्याला दिवसभर उन्हात उभं राहावं लागलं. जेवणाचं टेबल त्याच दालनात असल्यामुळे कप्तान स्वतःही उभ्यानेच जेवायचा!

"मग होड्या वाचवायचा काहीच मार्ग नाही?" कातरीनने विचारलं.

"राजाचा हुकूम राजाच बदलणार. माझ्या हातात काय आहे?" कप्तानाने मिशीवरचं सूप पुसलं. "रविवारपर्यंत राजांची परवानगी आण. होड्या तुमच्या."

राजा राहायचा त्या लिस्बनला जायलाच सहा-सात महिने लागायचे, आणि आज गुरुवार होता. दाराशी उभा असलेला पहारेकरी फिसकन हसला.

कातरीन मात्र हसली नाही. "परवानगी मिळाली तर तुम्ही आड येणार नाही ना?"

"क्रुसाची शपथ."

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून पाद्री बेल्शियोर नेहमीप्रमाणे कप्तानाकडे जेवायला आले, तेव्हा दालनात निम्मा कोळीवाडा उभा होता. मुंडासी हातात, मान खाली. कातरीनने तसबिरीसमोर गुडघे टेकले होते. कप्तान काही बोलणार, तोच तिने बोलायला सुरुवात केली. राजाशी कोणी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हाही त्याचाच कायदा.

"राजेसाहेब, आमच्या होड्या गेल्या तर वाडा उपाशी राहील. तुमच्या जहाजासाठी आमची माणसं रानातून साग ओढून आणतील. दोन महिने लागतील, पण लाकूड खणखणीत मिळेल. होड्या तेवढ्या आमच्याकडे राहू द्या. हरकत असेल तर आत्ताच सांगावं."

आणि ती थांबली. सगळेच थांबले. समुद्राची गाज ऐकू येऊ लागली. जपमाळेची अख्खी रोजरी म्हणून होईल एवढा वेळ गेला. कप्तानाचे गुडघे दुखायला लागले, पण बसायची सोय नव्हती.

"उपकार झाले, राजेसाहेब," म्हणत कातरीन उठली. "मिळाली परवानगी."

"कसली परवानगी? अगं, ती तसबीर आहे!"

कारकून सिमांवने पुढे होऊन दौतीत बोरू बुडवला. "काय लिहू, साहेब? 'राजांच्या समोर कप्तान म्हणाले, ही नुसती तसबीर...'"

"काही लिहू नकोस!" कप्तानाने घाम पुसला. "मला म्हणायचं होतं की राजे काही बोललेच नाहीत."

"म्हणजे नाही म्हणाले नाहीत," कातरीन म्हणाली. "आमच्याकडे मौनाला संमती म्हणतात. तुमच्याकडे?"

पाद्रींनी घसा साफ केला. "आमच्या लॅटिन कायद्यातही तेच आहे. जो गप्प, तो राजी."

पण दोम लोरेन्सही काही कच्चा नव्हता. तो तसबिरीपुढे कमरेत वाकला. "महाराज, या होड्या उद्या फोडाव्यात अशी माझी विनंती आहे. हरकत असेल तर सांगावं." त्याने दहा आकडे मोजले आणि नुसती मान वळवून डोळा मिचकावला. "मलाही मिळाली परवानगी. आता बोल."

इनास तांडेलाचा चेहरा उतरला. कातरीनने तसबिरीकडे नीट पाहिलं, मग कप्तानाकडे.

"नाही, साहेब. माझ्या वेळी राजे गप्प होते, तो होकार. एकदा दिलेला शब्द तुम्ही त्यांना मोडायला सांगितलात. आता ते गप्प नाहीत, त्यांनी तुमच्याशी अबोला धरलाय."

कप्तानाचे खांदे हलू लागले, आणि तो टेबलाला धरून इतका हसला की पाद्रींना त्याची पाठ थोपटावी लागली.

"लिही रे सिमांव," तो डोळे पुसत म्हणाला. "होड्या राहतील, लाकूड दोन महिन्यांनी. लिस्बनलाही तसं कळव. त्यांचं उत्तर यायला वर्ष लागेल, तोवर मला ताजी सुरमई खाऊ दे. आणि कोठारातलं नवं शिडाचं कापड काढ. अकरा होड्यांना पुरेल एवढं. कातरीनच्या बापाला सगळ्यात मोठं शीड द्या!"