टिटवीची रीत आणि धामणीची अंडी

एका माळावर एक ओस पडलेलं वारूळ होतं, आणि त्या वारुळात एक धामण राहत असे. बाहेर ऊन भाजून काढी, पण आत गारवा होता, ओल होती. तिथेच तिने अंडी घातली. लांबट, पांढरी, भिजल्या चामड्यासारखी मऊ. बरीचशी एकमेकांना चिकटून त्यांचा घोसच झाला होता. थोडी तेवढी सुटी राहिली होती. धामण त्या सगळ्यांभोवती वेटोळं घालून पडून राही. पण बाळांनो, तिची ही पहिलीच वेळ. आत जीव धरलाय की नुसतंच पाणी आहे, हे तिला कसं कळावं? ना हालचाल, ना आवाज.

वारुळाबाहेर खड्यांमध्ये एका टिटवीची अंडी होती. ती त्यांच्यावर बसे, उठे, चोचीने त्यांना फिरवे, पुन्हा बसे, आणि हे सगळं साऱ्या माळाला ओरडून सांगे. एकदा ती वारुळाच्या भोकातून आत डोकावली.

“अगं बाई! ही काय अंडी म्हणायची? आणि तू अशी धोंड्यासारखी बसून? उलटत नाहीस त्यांना?”

“उलटायची असतात, टिटवीताई?” धामणीने डोकं वर काढून विचारलं.

“ऐका हिचं! अगं, फिरवली नाहीत तर पिल्लू कवचाला चिकटतं आणि आतल्या आत मरतं. माझ्या आईने असंच केलं, तिच्या आईनेही असंच केलं. तुला तुझ्या आईने एवढंही सांगितलं नाही?”

धामणीला कोण सांगणार? तिने तर आपली आई डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. ती जी भ्याली, ती लगबगीने उठली आणि तोंडाने ढकलून एकेक सुटं अंडं उलटं करू लागली. सुटी सगळी उलटून झाली. आता घोसाला तोंड लावणार, तोच वारुळाच्या तोंडाशी माती खरवडल्याचा आवाज आला आणि आत उग्र वास शिरला. मुंगूस! धामणीने घोसाभोवती वेटोळं आवळलं आणि श्वास धरून ती पडून राहिली. मुंगूस गेलं, पण त्याचा वास जाईना. पुढे कितीतरी दिवस ते घिरट्या घालत राहिलं आणि धामण जागची हलली नाही.

मग एका सकाळी वारुळात आंबूस वास सुटला.

“बघ!” टिटवी बाहेरूनच कलकलली. “फिरवायचा आळस केलास ना? सडली! अजून उरली असतील ती तरी उलट, बाई!”

धामणीने घोसाकडे तोंड नेलं आणि ती तशीच थबकली. मुंग्यांची रांग घोसाकडे येत नव्हती. ती सुट्या अंड्यांवर चढत होती. पिवळी पडली होती ती, तिने स्वतः उलटलेली.

त्याचं असं आहे, बाळांनो. पाखरांना अंडी फिरवावीच लागतात. सापाचं पिल्लू मात्र अंड्यात वरच्या अंगाला धरून वाढतं. मोहरीएवढं त्याचं काळीज, भोवती लाल दोऱ्यांचं जाळं आणि खाली बलकाची शिदोरी. अंडं उलटलं की जीव खाली जातो, ओझं वर येतं आणि पिल्लू गुदमरतं. धामणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की जिथे आपलं तोंड लागलं तिथे मुंग्या लागल्या.

तिने डोकं मागे घेतलं.

पुढे घोसातल्या अंड्यांनाही खळगे पडू लागले. त्यांची टवटवी गेली. टिटवी डोकावली आणि किंचाळली, “मेली, मेली! अजून वेळ आहे, उलट!” धामणीला वाटलं, न उलटता ही मेली तर? पण तिने तोंड लावलं नाही. नुसती पडून राहिली, आणि ते पडून राहणं तिला मुंगसासमोर उभं राहण्याहून जड गेलं.

पण ते खळगे मरणाचे नव्हते, उकलायची वेळ झाल्याचे होते. दुसऱ्या दिवशी एका कवचाला बारीक चीर पडली. इवल्या दाताने कुणीतरी ती आतून कापली होती. चिरेतून एक ओलं नाक बाहेर आलं, जीभ लवलवली. मग दुसरं, मग तिसरं. पिल्लं मोकळी झाली आणि एकेक करून वारुळाबाहेर गवतात दिसेनाशी झाली.

“पाहिलंस?” टिटवी आनंदाने ओरडली. “माझं ऐकून उलटलीस, म्हणून ही जगली!”

तिने उलटलेली जी अंडी उकललीच नाहीत, त्यांच्याकडे धामण बराच वेळ पाहत राहिली.

तात्पर्य : शेजारणीची रीत तिच्या घरट्यात खरी असते, आपल्या लेकराचा पिंड न ओळखता ती भीतीपोटी उचलली, तर मायेच्याच हातून घात होतो.