उतारावरचा ओंडका

फार फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा बैलांना बोलता यायचं आणि माणसांना ते समजायचंही. माणसं ऐकायची नाहीत, ते सोडा. ती आजही ऐकत नाहीत.

एका डोंगरी राज्यात कढत पाण्याचं कुंड होतं. भर थंडीतही त्यातून वाफा निघायच्या. ते नवल बघायला देशोदेशीची माणसं यायची. कुंडाकडे जाणारी पेठ मात्र एकच. अरुंद, आणि वरून खाली सरळ उताराची. त्या पेठेत बैलगाड्या, टांगे, सरदारांचे रथ, सगळं एकदम घुसायचं. चाकाला चाक घासायचं. गाडीवान एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. पायी चालणारा बिचारा भिंतीला पालीसारखा चिकटून सरकायचा.

पेठेच्या अगदी तोंडाशी येसाक्का नावाची बाई राहायची. नवरा वारलेला. पदरात एक मुलगी, चिमी. येसाक्का रताळी फडक्यात बांधून कुंडात सोडायची, उकडली की टोपलीत घेऊन दारात बसायची. रथातले लोक बसल्या जागेवरून हात बाहेर काढायचे आणि रताळी घ्यायचे. त्यावर मायलेकींची चूल पेटायची.

चिमीच्या कमरेला लुगड्याच्या काठाची दोरी असायची आणि दोरीचं दुसरं टोक दाराच्या खांबाला. हसू नका. त्या पेठेतलं प्रत्येक लेकरू असंच बांधलेलं असायचं. तांबटाची पोर एकदा मांजरामागे धावली होती. मांजर परत आलं.

मग एका सणाला एक म्हातारा आणि त्याची म्हातारी, दोघंही एकाच चाकाखाली गेली. कुंड बघायला आली होती बिचारी, हातात हात धरून. त्या राज्यावर तेव्हा राणी होती. ती स्वतः पेठेत आली, दगडावरचं रक्त बघितलं आणि तिथल्या तिथे दवंडी पिटवली:

"उद्यापासून या पेठेत चाक फिरणार नाही. गाड्या वरच्या माळावर थांबतील. ज्याला कुंड बघायचं त्याने पायी जावं. माझा रथसुद्धा आत जाणार नाही!"

पेठेच्या तोंडाशी दोन दगडी खांब उभे राहिले. त्यांत एक ओंडका आडवा बसवला. राणी येसाक्काला म्हणाली, "बाई, तुझं दार जवळ. ओंडक्याची राखण तू करायचीस. माझ्याखेरीज कुणाच्या सांगण्यावरून काढायचा नाही."

"नाही काढणार," येसाक्का म्हणाली.

त्या दिवशी पेठेतल्या सगळ्या आयांनी लेकरांच्या दोऱ्या सोडल्या. पोरं आधी खांबापाशीच उभी राहिली. त्यांना दूर जायचं ठाऊकच नव्हतं! मग एकाने पाऊल टाकलं, दुसऱ्याने टाकलं, आणि बघता बघता भर रस्त्यात फुगड्या सुरू झाल्या. चिमी तर रस्त्याच्या मधोमध बसून चिंचोके खेळायला लागली.

 पण येसाक्काची टोपली भरलेलीच राहिली होती.

रथवाले रुसले होते. पायी कोण जाणार, म्हणून माळावरूनच परत फिरत होते. जे पायी येत होते ते आधी कुंडाकडे बघत होते, तिच्याकडे नाही. आणि येसाक्काच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलेली: गाडीतला तो गिऱ्हाईक, पायी चालणारा तो कंगाल. समोरून माणसं जात होती आणि तिला पेठ ओस दिसत होती. ती हाक मारायचीसुद्धा विसरली. रात्री चिमीच्या अंगावर हात ठेवून ती जागीच राहायची. हिला उद्या काय घालू? परवा काय घालू? भीतीचं असंच असतं. एकदा उंबऱ्याच्या आत आली, की घरधनीण होऊन बसते.

ही भीती कापडशेटने बरोबर ओळखली. पेठेच्या खालच्या टोकाला त्याचं रेशमाचं दुकान. एका दुपारी तो घाम पुसत चढ चढून आला.

"काय येसाक्का, रताळी आज घरीच खायची का?"

"टोचू नका शेट. तुमच्या तरी दुकानात कोण आहे? माशाच ना?"

"माशाच आहेत बाई. म्हणून तर आलो." शेट खाली बसला आणि आवाज बारीक केला. "वर माळावर सरदारीणबाई आल्यात. लेकीचं लग्न आहे, सगळं रेशीम माझ्याकडून घेतील. पण त्या पायी चालायच्या नाहीत. एवढा एक रथ आत सोड."

"राणीला शब्द दिलाय मी."

"राणी काय तुझ्या चुलीत लाकूड घालायला येणार आहे? दोन महिन्यांत पेठ मरेल. आधी तुझ्यासारखी मरतात, आमच्यासारखी नंतर. पोरीकडे बघ जरा. गळ्याची हाडं दिसायला लागली तिच्या."

बाण नेमका लागला. येसाक्का उठली.

ओंडक्याच्या पलीकडे रथ उभा होता. आतून सरदारीणबाईंच्या बांगड्या वाजत होत्या. रथाला एक म्हातारा पांढरा बैल आणि एक तरणा. म्हाताऱ्याने मान वर केली.

"बाई, नको काढूस."

"तू गप रे," गाडीवान ओरडला. "हळू नेतो मी."

"हा हळू नेणारा कोण?" बैल म्हणाला. "सपाटीवर गाडी मी ओढतो. उतारावर गाडी मला ढकलते. पूर्वी पुढे दहा गाड्या अडलेल्या असायच्या, म्हणून वेग येत नव्हता. आज रस्ता मोकळा आहे. आणि माणसं भिंतीला चिकटून नाहीत, बाई. मधोमध आहेत."

येसाक्काला ते समजलं. खोटं कशाला सांगू, शब्द न् शब्द समजला. हात ओंडक्यावरच थांबला. पण मनात उपाशी पोरीचं तोंड आलं, आणि बैलाच्या शब्दांपेक्षा ते मोठं झालं. "एकदाच," ती स्वतःशी म्हणाली. "चिमी तर मागच्या अंगणात आहे."

तिने ओंडका सरकवला.

रथ आत आला. चार घरं हळू गेला. मग चाकांचा आवाज बदलला. खडखड होती, तिची घरघर झाली. गाडीवान कासरे खेचत होता आणि रथ त्यालाच घेऊन चालला होता. लोक वळून बघत होते, पण पळत नव्हते. कसे पळतील? इथे चाक येत नाही असं राणीने सांगितलं होतं. त्या शब्दावर विसंबून ते उभे होते.

आणि येसाक्काला रस्त्याच्या मधोमध चिमी दिसली. अंगणातून कधीच निघून आलेली. पाठ इकडे, मान खाली, पुढ्यात चिंचोके.

"चिमेऽऽ!"

चिमी वळली. आईकडे बघून हसली.

म्हाताऱ्या बैलाने तेवढ्यात सगळं अंग उजवीकडे टाकलं. रथ भिंतीवर आदळला आणि उलटला. बैलाची मान जोखडातच मोडली. सरदारीणबाई ओरडत बाहेर पडल्या, खरचटण्यावर निभावलं. पण उलटताना मागचं चाक निसटून रस्त्यावर आलं ते आलंच. चिमीचा जीव वाचला. पाय वाचला नाही.

राणी चालत आली. पेठ भोवती गोळा झालेली. शेट गर्दीच्या मागे.

"ओंडका कुणी काढला?"

"मी," येसाक्का म्हणाली. मांडीवर पोर होती. "शेटनी सांगितलं, पण हात माझा. काय शिक्षा करायची ती करा."

राणीने शेटला राज्याबाहेर काढलं. येसाक्काकडे ती वळली, मांडीवरच्या पोरीचा पाय बघितला. मग म्हणाली, "तुला मी आणखी काय शिक्षा करू?" आणि जशी आली तशी चालत निघून गेली.

ओंडका पुन्हा बसला, तो कायमचा. पुढे काय झालं म्हणाल, तर पेठ मेली नाही. रथवाल्यांचा रुसवा महिनाभरात उतरला. तेही पायी यायला लागले. चालून चालून लोकांना भूक लागायची, आणि वासावर ते येसाक्काच्या दारात थांबायचे. टोपली रिकामी व्हायला लागली. तिने थोडा दम धरायला हवा होता, बस्स, एवढंच.

संध्याकाळी सगळी पेठ रस्त्यावर उतरायची. म्हातारे चालायचे, पोरं धावायची, बायका मधोमध उभ्या राहून गप्पा मारायच्या. येसाक्का चिमीला कडेवर घेऊन दारात यायची.

"चिमे, ये की खेळायला!" पोरी हाका मारायच्या.

चिमी आईच्या मानेला मिठी मारून म्हणायची, "आई, तू चाल ना माझ्यासाठी."

आणि येसाक्का चालायची. पोर जड होत गेली, तरी चालतच राहिली.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात धरा: सगळ्यांच्या जिवासाठी घातलेला अडसर भीतीपायी एकासाठीही काढू नये, कारण आत शिरलेलं चाक आपलं लेकरू कोणतं आणि परक्याचं कोणतं, हे बघत नाही.